घरचा बेकिंग मसाला: कोजागिरीपासून नाताळापर्यंत विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरी उलटली की नागपुरातल्या रात्री हळूहळू गार व्हायला लागतात, आणि धरमपेठेतल्या आमच्या घरात ओव्हन रोज लागतो. आधी दिवाळीच्या नानकटाया, मग कोहळ्याचे केक, मग नाताळाचे. या सगळ्यांत मी घरी केलेला एकच मसाला वापरते. केक नेणारी मंडळी आधी त्याचा वास विचारतात, मग प्रमाण विचारतात, आणि आठ दिवसांनी फोन करून "ताई, माझा कडवट का झाला?" असं विचारतात. तेच प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

हा मसाला म्हणजे नेमकं काय?

दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग यांची गोड पदार्थांसाठी केलेली बारीक पूड. अमेरिकेत याला "पम्पकिन स्पाइस", म्हणजे भोपळ्याचा मसाला, म्हणतात आणि त्यात ऑलस्पाइस नावाचं फळही असतं. तिकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर पानगळीचा काळ. तेव्हा भोपळ्याचा "पाय" (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), केक आणि बिस्किटं यांत हा मसाला घालतात. मॅककॉर्मिक या मसाल्याच्या कंपनीने १९३४ मध्ये तो तयार डबीत विकायला सुरुवात केली, आणि २००३ मध्ये स्टारबक्सने त्याची कॉफी आणल्यावर त्याचं नाव जगभर झालं. इंग्लंडमध्ये आणि हॉलंडमध्येही असेच गोड मसाले आहेत. घटक थोडे इकडेतिकडे, पण दालचिनी सगळीकडे पुढे.

नावात भोपळा आहे, मग यात भोपळा असतो का?

नाही. भोपळ्याच्या पदार्थांत घालायचा मसाला, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आपल्याला हे परदेशी कशाला हवं?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही विचारला होता. मी त्यांच्या हातात डबी दिली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हा तर दुधाच्या मसाल्याचा भाऊ आहे." मला त्याहून चांगलं उत्तर सुचलेलं नाही. कोजागिरीच्या दुधात आपण जायफळ-वेलदोडा घालतो, पुरणात घालतो, श्रीखंडात घालतो. बाळंतिणीच्या लाडवात सुंठ असतेच. हे जिन्नस आशियाचेच आहेत. जायफळ आणि लवंग मूळ इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरची, चांगली दालचिनी श्रीलंकेची. ते इथून बोटींत बसून युरोपात गेले, तिथून अमेरिकेत पोचले. त्यांचं मिश्रण तेवढं तिकडे ठरलं.

आणि भट्टीत भाजलेला गोड पदार्थ आपल्याकडे नवा आहे असंही नाही. मी लहान असताना दिवाळीआधी घराघरांतून मैदा, तूप आणि पिठीसाखरेचे डबे बेकरीत जायचे. भट्टीवाले काका तिथेच पीठ मळून पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया ओळीत लावायचे. माझी आई डब्याबरोबर कागदाची एक छोटी पुडी द्यायची, तिच्या हाताने किसलेल्या जायफळाची आणि कुटलेल्या वेलदोड्याची. "हीच घालायला सांग," असं मला दोनदा बजावायची. परत आलेल्या डब्याचं झाकण उघडलं की आधी तूप आणि मग जायफळ, असा वास घरभर पसरायचा. माझा मसाला त्या पुडीतूनच पुढे आला आहे.

प्रमाण सांगा.

साधारण ४० ग्रॅम मसाला होतो. एका घराला दिवाळी ते नाताळ पुरतो.

दालचिनी २४ ग्रॅम
सुंठ ६ ग्रॅम
जायफळ ४ ग्रॅम (एक लहान)
लवंग २ ग्रॅम (वीस-पंचवीस)
वेलदोड्याचे दाणे २ ग्रॅम (पंधराएक वेलदोडे)
जायपत्री १ ग्रॅम

वेलदोडा मूळ अमेरिकन मिश्रणात नसतो, तो मी घालते. त्याच्याशिवाय नानकटाई नानकटाई वाटत नाही. कुणाला थोडा चटका हवा असेल तर अर्धा ग्रॅम काळी मिरी घाला. सावजीवर वाढलेल्या आमच्याकडच्या जिभांना ती आवडते.

लवंग मात्र वाढवू नका. पहिल्या वर्षी मला वाटलं, लवंगेचा वास इतका छान, दुप्पट घालून बघू. त्या नानकटाया खाल्ल्यावर जीभ बधिर झाली. दातदुखीवर लवंगेचं तेल लावतात ते त्यातल्या युजेनॉल नावाच्या द्रव्यामुळे, आणि त्याच युजेनॉलने माझं पाच किलो पीठ वाया घालवलं. लवंग मागे राहिली पाहिजे. ती आहे हे कळू नये, पण नसली तर चुकल्यासारखं वाटावं.

माझ्याकडे इतका बारीक वजनकाटा नाही.

मग आधी पुडी करा आणि चमच्याने मोजा. दालचिनी ३ मोठे चमचे, सुंठ ३ छोटे, जायफळ २ छोटे, लवंग १ छोटा, वेलदोडा १ छोटा, जायपत्री अर्धा छोटा. चमचा मापाचा हवा, १५ आणि ५ मिलीचा, आणि सुरीने सपाट केलेला. घरातल्या जेवणाच्या चमच्याने मोजू नका, प्रत्येक घरात तो वेगळा असतो.

ऑलस्पाइस इतवारीच्या बाजारात मिळत नाही. त्याऐवजी कबाबचिनी घेऊ का?

घेऊ नका. दुकानात या दोन नावांचा फार घोळ होतो. कबाबचिनी म्हणजे कंकोळ, मिरीच्या कुळातलं. दाण्याला मागे बारीक शेपटीसारखा देठ असतो आणि चव कडवट, थंडावा देणारी. ऑलस्पाइसचा दाणा मिरीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, बिनशेपटीचा, आणि टोकाला लहानशी कडी. दाताखाली फोडला तर लवंग, दालचिनी आणि जायफळ तिन्ही एकदम आल्यासारखी वाटतात. ते झाड मूळ वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतलं. कोकणात त्याची लागवड आहे आणि तिकडे त्याला सर्वसुगंधी म्हणतात. पानंही भातात घालतात. कोकणातून कुणी येत असेल तर जरूर मागवा. नाहीतर वरच्या प्रमाणात तसंही काही अडत नाही. ऑलस्पाइसमध्येही मुख्य वास युजेनॉलचाच आहे, आणि तो लवंग देते.

दालचिनी कुठली घ्यायची? दुकानदार दोन-तीन प्रकार दाखवतो.

या उत्तराला जरा वेळ द्या, कारण मसाल्यात निम्म्याहून जास्त तीच आहे.

इतवारीत किराणा ओळीत गेलात आणि नुसतं "दालचिनी द्या" म्हणालात तर बहुतेक जागी जाड, कडक, गडद सालीचे तुकडे मिळतील. हा कॅसिया, काही दुकानदार त्याला तज म्हणतात. तो तिखट, झणझणीत. पुलावाला आणि गरम मसाल्याला उत्तम. दुसरी सिलोन दालचिनी. तिची कांडी हातात घेऊन टोकाकडून बघा: कागदाच्या पातळ पातळ घड्या एकात एक गुंडाळल्यासारख्या दिसतील, एकाच जाड सालीची वळी दिसणार नाही. रंग फिका, आणि बोटांनी दाबली की चुरते. वास गोडसर, मऊ. महाग असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण तेज ही दालचिनीची आपली जातही आहे.

मी दोन्ही मिसळते, सिलोन दोन भाग आणि कॅसिया एक भाग. नुसती सिलोन घातली तर कोहळ्याच्या केकमध्ये ती दबून जाते, नुसता कॅसिया घातला तर केकचा वास बिर्याणीच्या वाटेने जातो.

कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, सिलोनमध्ये अगदी थोडं. कुमारिन रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपात त्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलीग्रॅम धरतात. केकच्या एका तुकड्यात दालचिनी पाव ग्रॅमच्या आसपास जाते, तेव्हा केक खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. रोज सकाळी चमचाभर दालचिनी पाण्यातून घेणाऱ्यांनी मात्र ती कुठली आहे हे बघावं.

बाकीचा माल कसा पारखायचा?

लवंग: नखाने दांडीवर दाबा. तेलाचा ओलावा आला पाहिजे. ग्लासभर पाण्यात टाकून बघा, चांगली लवंग उभी तरंगते किंवा बुडते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगत राहते.

जायफळ: हातात जड लागलं पाहिजे, आणि कानाजवळ हलवून बघा. कवचातलं असेल तर आत खुळखुळलं पाहिजे. बिनकवचाचं असेल तर बारीक भोकं आहेत का ते उजेडात तपासा. भोक म्हणजे कीड.

सुंठ: अगदी पांढरीशुभ्र घेऊ नका. ती बहुतेक चुन्याने पांढरी केलेली असते. मळकट तपकिरी, सुरकुतलेली सुंठ दिसायला वाईट, पण वासाला खरी.

जायपत्री जायफळाच्याच फळातली, बीवरची जाळी. केशरी-पिवळी, लवचीक असावी. वेलदोडे हिरवे, भरलेले. बास.

मसाले भाजून घ्यायचे ना? आमच्याकडे तर सगळा मसाला तेलात भाजतात.

हा नागपुरातला सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो चुकीचा म्हणताना मलाच जड जातं. सावजी मसाल्याची सगळी जान तेलात काळपट होईपर्यंत भाजण्यात आहे. पण तो रस्सा आहे, आणि हा केक.

दालचिनी-लवंगेचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. तुम्ही ते तव्यावर एकदा उडवलंत आणि मग ओव्हनमध्ये पाऊण तास परत उडवलंत, तर केकमध्ये उरणार काय? भाजल्याने जो करपटपणा येतो तो मटणाच्या रश्श्यात छान लागतो, साखर-लोण्यात तो कडवट होतो. शिवाय तेलात भाजलेल्या पुडीचे गोळे होतात आणि ती लवकर खवट होते.

माझी पद्धत अशी: सगळे अख्खे जिन्नस स्टीलच्या ताटात पसरून ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास, वर पातळ फडकं. आपल्या शहरातलं ते ऊन इतकं कोरडं असतं की सुंठ कटकन मोडते. ढगाळ असेल तर तवा गरम करा, गॅस बंद करा आणि मग मसाले त्यावर ठेवा. हाताला कोमट लागले की उचला. वास घरभर सुटला तर उशीर झाला असं समजा.

मिक्सरमध्ये जायफळ टाकलं आणि पातं अडकलं.

जायफळ किसणीवरच किसा, सगळ्यात बारीक भोकांच्या बाजूने. घरात सहाण असेल तर तिच्यावर उगाळलेलं चालणार नाही, ते ओलं होतं.

सुंठ आणि दालचिनी आधी खलबत्त्यात फोडून घ्या. मग मिक्सरच्या लहान भांड्यात दालचिनी, सुंठ, लवंग, जायपत्री. पाच-सात सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, परत फिरवायचं. सलग मिनिटभर फिरवलं तर भांडं तापतं आणि वास झाकणालाच लागून जातो. वेलदोड्याचे दाणे एकटे दळले जात नाहीत, त्यांच्याबरोबर छोटा चमचा साखर टाका.

नंतर चाळायचं. हे टाळू नका. सुंठेचे धागे आणि दालचिनीची रवाळ कणी नानकटाईत दाताखाली वाळूसारखी येते. मी मैद्याच्या चाळणीवर मलमलचा तुकडा ठेवून चाळते. वर उरलेला चोथा फेकू नका, चहात टाका.

तुमच्या मसाल्यात संत्र्याचा वास येतो. तो कसा?

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न.

आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग. आंबियाची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कळमन्याच्या बाजारात येतात, म्हणजे बेकिंगच्या ऐन दिवसांत. नागपुरी संत्र्याची साल सैल, बोट घातलं की सुटते. आपण ती फेकतो, आणि सगळा सुगंध तिच्याबरोबर जातो.

डाग नसलेली, चकाकी न दिलेली फळं घ्या. बाहेरगावी जाणाऱ्या फळांना मेणाचा हात दिलेला असतो, ती यासाठी नकोत. कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसा, सोला. आता सालीची आतली बाजू वर करा आणि चमच्याच्या कडेने पांढरा भाग खरवडून काढा. कडवटपणा बराचसा तिथेच असतो. साल उजेडासमोर धरल्यावर तेलाच्या पुटकुळ्या दिव्यांसारख्या दिसल्या की पुरे. बारीक पट्ट्या कापून सावलीत, पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवा. उन्हात नको, रंगही जातो आणि वासही. मोडताना कुरकुरली की दळा. ४० ग्रॅम मसाल्याला ४ ग्रॅम पूड. पाच-सहा संत्री लागतात.

ही पूड मी मसाल्यात लगेच मिसळत नाही. वेगळ्या बाटलीत ठेवते आणि केक करताना चिमूट-दोन चिमूट घालते, कारण तिचा वास मसाल्याच्या आधी मरतो.

किती घालायचा?

पाव किलो मैद्याला १ छोटा चमचा, कोहळ्याच्या किंवा गुळाच्या केकला दीड. नानकटाईला पाऊण. पहिल्यांदा करताना कमीच घाला. दुसऱ्या दिवशी केकमध्ये मसाला वर येतो.

पीठ चाळताना मसाला मैद्यात टाकण्याऐवजी तूप-साखर फेटताना त्यात टाका. हे वास तुपात विरघळतात, आणि तुपाबरोबर सगळीकडे सारखे पोचतात.

कोहळ्याचा केक ओला राहतो. मसाल्यामुळे का?

मसाल्याचा दोष नाही, पाण्याचा आहे. (पुण्याच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. पेठ्याचा पांढरा कोहळा नव्हे.) तिकडच्या पाककृती डबाबंद घट्ट गरावर बेतलेल्या असतात. आपलं कोहळं पाणीदार. फोडी कुकरच्या डब्यात पाणी न घालता वाफवा, मलमलमध्ये बांधून तासभर टांगा, मग गर कढईत मंद आचेवर परता. कालथ्याने बाजूला सारल्यावर कढईचा तळ क्षणभर कोरडा दिसला पाहिजे. त्यात गूळ आणि हा मसाला घालून बोंडं, म्हणजे गोड भजी, केलीत तरी फार छान होतात. आमच्या घरात केकपेक्षा तीच आधी संपतात.

पावात घातला तर पीठ फुगलंच नाही.

दालचिनी आणि लवंग यीस्टला मंदावतात. पिठात मळण्याऐवजी लोणी-साखरेत कालवून पोळीवर पसरा आणि गुंडाळी करा.

विकतच्या पुड्या आणून मिसळल्या तर?

चालेल, पण वास येईलच याची खात्री नाही. मी एकदा घाईत एका ठिकाणाहून तयार दालचिनी पूड मागवली होती. रंग सुंदर होता आणि वास लाकडाच्या भुश्शाचा. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या खाऊतून मुलांच्या अंगात शिसं गेलं, आणि ते दालचिनीच्या पुडीतून आलं होतं. अख्ख्या सालीत काय आहे ते डोळ्यांना दिसतं, पुडीत दिसत नाही. मुलांसाठी करत असाल तर अख्खेच मसाले घ्या.

गरम मसाला चालेल का?

नाही. धणे-जिरे असलेला केक कुणी खाणार नाही.

लहान मुलांना, गरोदर बाईला चालतो?

केकमधून जातो एवढा, हो. पूर्ण केकमध्ये जायफळ अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं. पण जायफळ हा खेळ नाही. एक-दीड जायफळ एका वेळी पोटात गेलं तर छाती धडधडते, चक्कर येते, भ्रम होतो. डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. कुणाला औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

किती दिवस टिकतो? फ्रीजमध्ये ठेवू का?

काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधाऱ्या कपाटात, सहा महिने उत्तम. त्यानंतर बिघडत नाही, फक्त मुका होतो. चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्या. वास यायला वेळ लागला तर चहाला वापरा आणि नवा करा. गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात स्वयंपाकघरातलं कुठलंच कपाट मसाल्याला थंड नसतं, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवलात तर हरकत नाही. बाटली बाहेर काढल्यावर मात्र अर्धा तास उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. आणि ओला चमचा कधीही नको.

म्हणूनच मी एका वेळी ४० ग्रॅमच करते. वर्षभराचा करून ठेवायचा असेल तर अख्खे जिन्नस भरून ठेवा, ते वर्षानुवर्षं टिकतात.

बाटलीत वेगवेगळे थर दिसतात.

जड-हलकी पूड वेगळी होते. वापरण्याआधी हलवा.

मसाला जास्त पडला, आता काय?

पीठ भट्टीत गेलं नसेल तर मसाला न घातलेलं तेवढंच पीठ करून मिसळा. साखर वाढवून लवंग झाकली जात नाही, प्रयत्न करू नका. केक भाजून झाला असेल तर एक दिवस झाकून ठेवा, कापून घट्ट बासुंदीबरोबर द्या. दुधाच्या स्निग्धपणात तिखटपणा बराच बसतो.

आमच्याकडे ओव्हन नाही.

जाड बुडाच्या कुकरमध्ये किंवा कढईत दोन वाट्या मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढून. डबा ठेवा, आच बारीक करा, ४० ते ५० मिनिटं. यात वाफ आतच कोंडते आणि मसाल्याचा वास जास्त लागतो, म्हणून मसाला पाव चमचा कमी घाला. चाळीस मिनिटं होण्याआधी झाकण उघडू नका, मध्येच उघडलं की केक बसतो. ते मीठ पुन्हा याच कामाला वापरता येतं. गार झालं की बरणीत भरून वर "केकचं मीठ" अशी चिठ्ठी लावा, म्हणजे कुणी ते भाजीत टाकणार नाही.